सायगावमध्ये रोज वापरायला होंडा वेव्ह आल्फा कशी आहे?

व्हिएतनामच्या हो ची मिन्ह सिटीत (म्हणजेच सायगावात) नोकरीला आलेले आपले लोक नेहमी विचारतात की स्कूटर घेऊ का वेव्ह घेऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी इथलं लायसन्स काढून सेकंडहँड वेव्ह आल्फा घेतली, ऑफिस, भाजी, सगळं तिच्यावरच चालतं. बिनधास्त घ्या.

११० सीसी, चार गिअर आणि हाताने दाबायचा क्लचच नाही. पायाने पुढे दाबलं की गिअर वर, टाचेने दाबलं की खाली, बास. ही होंडाच्या १९५८ च्या सुपर कब या गाडीच्या घराण्यातली, आणि ती मुळात डिलिव्हरीवाल्याला एका हाताने चालवता यावी म्हणून तशी बनवलेली. इथे बर्फाच्या लाद्या, गॅस सिलिंडर, टेटच्या (इथल्या नवीन वर्षाच्या) सणाआधी तर कुंडीसकट फळांनी लगडलेलं झाड, सगळं असल्या गाड्यांवरून जातं, डावा हात सामानाला मोकळा राहतो ना. वजन शंभर किलोच्या आत, त्यामुळे पार्किंगवाल्याने गाड्या कितीही चिकटवून लावल्या तरी मागचं चाक उचलून सरकवता येते. आणि दुरुस्ती! फुटपाथवर पंप आणि पाने घेऊन बसलेला कुठलाही काका ती डोळे मिटून उघडतो, पार्ट कोपऱ्यावर मिळतो.

खरी परीक्षा मे ते नोव्हेंबर, म्हणजे इथल्या पावसाळ्यात. पाणी तुंबलं की स्कूटरच्या बेल्टमध्ये पाणी शिरायची भीती, वेव्हला साधी चेन, हळूहळू निघून जाते. तेवढा तो दोन डोक्यांचा रेनकोट घ्या, पुढे हेडलाइटसाठी पारदर्शक खिडकी असलेला, मागे बसणारा पण त्यातच मावतो, मला तर वाटतं हा आपल्याकडे कोकणात मिळायलाच पाहिजे.

कमी काय? माझ्या मॉडेलला दोन्ही ब्रेक ड्रम, टाकी चार लिटरची पण नाही, आणि सीटखाली हेल्मेट मावत नाही (२००७ पासून सक्ती आहे, गाडीला अडकवून ठेवायचं). बिअर पिऊन तर हातच लावू नका, २०२० पासून लिमिट शून्य आहे.

हनोईला राहणार असाल तर मात्र थांबा, तिथे रिंग रोड १ च्या (शहराच्या मध्यभागाभोवतीच्या रस्त्याच्या) आत १ जुलै २०२६ पासून पेट्रोल बाइक बंद करायचा निर्देश सरकारने २०२५ मध्ये काढलाय, सध्याचा नियम बघूनच पैसे घाला, नाहीतर सरळ इलेक्ट्रिक बघा.