घरातून धंदा, विमा कोणता? ठाण्यातलं शिवणकाम आणि कोपरखैरण्यातला फराळ

विमा कंपनीच्या सर्व्हेअरने हॉलमध्ये उभं राहून पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, या सगळ्या साड्या तुमच्या?"

एकेचाळीस होत्या. माझ्या त्यातल्या दोन. बाकीच्या फॉल-पिकोला आलेल्या, काही ब्लाउजच्या कापडासकट, ऐन लग्नसराईतल्या. आदल्या रात्री वरच्या फ्लॅटमधला पाइप फुटला आणि पाणी छतातून थेट माझ्या कटिंगच्या टेबलावर आलं. एका जांभळ्या पैठणीचा रंग शेजारच्या मोतिया सिल्कवर उतरला होता, तो डाग मला अजून दिसतो. घराचा विमा होता, म्हणून मी तशी निर्धास्त होते. कंपनीने फॉल्स सीलिंग, भिंतीचा रंग आणि दिवाण यांचे पैसे दिले. साड्या, अस्तराचे ताके आणि ओव्हरलॉक मशीन यांच्यापुढे शेरा आला: घरगुती वापराच्या वस्तू नाहीत. दोन दिवस मी चिडचिड केली. मग पॉलिसी काढून वाचली आणि गप्प बसले. त्यात तसंच लिहिलं होतं.

आता माझी नणंद कोपरखैरण्यात डबे आणि फराळाच्या ऑर्डरी वाढवतेय. परवा फोनवर म्हणाली, "वहिनी, तू नंतर जी पॉलिसी घेतलीस तीच मला पाठव, मीही तीच घेते." तीच घेऊन तिचं भागणार नाही. का, ते तिला फोनवर सांगून संपेना, म्हणून लिहून काढलं.

आपल्यासारख्यांसमोर साधारण तीन पर्याय असतात. विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२१ पासून आगीच्या विम्याच्या काही पॉलिसी सगळ्या कंपन्यांसाठी एकसारख्या केल्या. घरासाठी 'भारत गृह रक्षा' आणि छोट्या धंद्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या त्यातल्याच. मूळ मजकूर सगळीकडे तोच असल्यामुळे या दोन्हींत कंपनी कोणती, यापेक्षा पॉलिसी कोणती हे आधी ठरवायचं. तिसरा पर्याय दुकानदारांच्या पॅकेज पॉलिसीचा. ती प्रत्येक कंपनीची आपापली असते, नावंही वेगवेगळी, त्यामुळे तिथे मात्र ओळ न् ओळ वाचावी लागते.

गृह रक्षा ही घर म्हणून चांगलीच पॉलिसी आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. घराची रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, बाजारभावावर नाही. ठाण्यात फ्लॅट कोटीचा असला तरी त्यातली मोठी रक्कम जागेची असते आणि जागा जळत नाही. ५५० चौरस फूट कार्पेट आणि बांधकामाचा खर्च फुटाला ३,००० रुपये धरला तर विमा साडेसोळा लाखांचा. आतल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के संरक्षण आपोआप मिळतं, म्हणजे इथे ३ लाख ३० हजार. आणि या आपोआपच्या संरक्षणाची कमाल मर्यादा १० लाख. रक्कम थोडी कमी लिहिली गेली म्हणून दावा कापतही नाहीत. फक्त 'सामान' म्हणजे घरात वापरायचं सामान. तुमच्या दिवाणाला ती ओळखते, धंद्याच्या मशीनला नाही.

सूक्ष्म उद्यम या नावाने लोक बिचकतात, जणू वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक वसाहतीत शेड हवी. तसं काही नाही. एका जागी असलेल्या सगळ्या मालमत्तेची किंमत ५ कोटींपर्यंत असली की ही पॉलिसी चालते. माझी तीन मशीनं, कपाटभर कापड आणि एक इस्त्रीचं टेबल हाही तिच्या लेखी उद्यमच. इमारत नको असेल तर नुसती मशिनरी आणि माल यांचा विमा काढता येतो. ग्राहकाचा माल मात्र आपला नसतो; 'कामासाठी ताब्यात असलेला दुसऱ्यांचा माल' असं प्रपोजल फॉर्ममध्ये वेगळं सांगून पॉलिसीत लिहून घ्यायचं. एजंट म्हणेल, त्यात आलंच ते. म्हणू दे. पॉलिसीच्या कागदावर ती ओळ दिसेपर्यंत पैसे भरायचे नाहीत.

पॅकेजमध्ये आगीबरोबर घरफोडी, रोकड, काच, मशीनचा बिघाड, नोकराने केलेली अफरातफर, तिऱ्हाईताची नुकसानभरपाई असे कप्पे असतात आणि हवे तेवढे निवडायचे असतात. दुकानासाठी उत्तम. घरगुती धंद्याला त्यातले निम्मे कप्पे लागत नाहीत. निऑनच्या पाटीचा विमा मी कशाला काढू?

आता हे तिन्ही कागद आपल्याकडच्या प्रसंगांना लावून बघू.

पाणी आधी, कारण आपल्या भागात तीच भीती खरी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशीचं ठाणं ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. वंदना टॉकीजच्या परिसरात तर नेहमीच्या जोरदार पावसातही पाणी साचतं. नवी मुंबईचा बराच भाग खाडीलगत भराव घालून केलेला, म्हणून तर सिडकोने पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव बांधले. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की सखल सेक्टरांत काय होतं ते तळमजल्यावाल्यांना विचारा. पुराचं पाणी आणि फुटलेला पाइप, दोन्ही गृह रक्षात आहेत आणि सूक्ष्म उद्यममध्येही. पॅकेजमधल्या आगीच्या कप्प्यात पूर आहे ना, एवढं बघून घ्यायचं. वर्षानुवर्षं भिंतीत मुरणारी ओल मात्र कुणीच देत नाही. ती सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडायची गोष्ट.

चोरीच्या बाबतीत माझा अंदाज साफ चुकला होता. मला वाटायचं धंद्याची पॉलिसी म्हणजे त्यात चोरी येणारच. गृह रक्षा आणि सूक्ष्म उद्यम या दोन्हींत चोरी धरतात ती फक्त आग, पूर अशा घटनेमुळे आणि त्यानंतरच्या सात दिवसांत झालेली. एरवी कडी तोडून कोणी मशीन नेलं तर दोन्ही हात वर करतात. त्यासाठी घरफोडीचा विमा वेगळा, नाहीतर पॅकेजमधला तो कप्पा. त्यातही जबरदस्तीने आत शिरल्याची खूण लागते. मदतीला येणाऱ्या मुलीने पिशवीत साडी घालून नेली तर ती घरफोडी नाही. मी तिसऱ्या मजल्यावर, खाली वॉचमन, म्हणून घरफोडीचा विमा घेतला नाही. नणंद बैठ्या घरात, मागचं दार गल्लीत उघडतं. तिने घ्यावा.

तिसरा प्रसंग माणसाचा. माझ्याकडे माप द्यायला आलेली बाई ओल्या फरशीवर घसरली, किंवा नणंदेच्या डब्यातलं खाऊन ऑफिसातल्या आठ जणांना उलट्या झाल्या. गृह रक्षा आणि सूक्ष्म उद्यम, दोन्ही इथे गप्प. घसरण्याची भरपाई 'पब्लिक लायबिलिटी'त येते, पॅकेजमध्ये तो कप्पा बहुधा असतो. खाण्यातून झालेला त्रास 'प्रॉडक्ट लायबिलिटी'त, आणि तो वेगळा मागावा लागतो. माझ्या धंद्यात ब्लाउज घट्ट झाला तर उसवून देते, प्रकरण मिटतं. खाण्याच्या धंद्यात सगळ्यात मोठा धोका हाच, आणि आगीआधी याची चौकशी करावी असं माझं स्पष्ट मत आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी नसेल तर आधी ती. तिच्याशिवाय अन्नाचा धंदा मुळात कायद्यात बसत नाही, मग दाव्याच्या वेळी कोणत्या तोंडाने बोलणार?

नणंदेच्या स्वयंपाकघराचं अजून एक आहे. भट्टीला ती घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर लावते. धंद्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यायचा असा नियम आहे. दिवाळीच्या आधी चकल्यांचे घाणे पहाटेपासून चालू असतात. तिथे आग लागली तर सर्व्हेअर पहिल्यांदा सिलिंडरचा रंग बघेल. लाल दिसला की त्याला हवं ते कारण मिळालं. निळा आण म्हटलं की "महाग पडतो गं" हे तिचं ठरलेलं उत्तर. पडतो, खरं आहे. ते शंकरपाळ्यांच्या भावात धरायचं.

रक्कम ठरवताना लोक हात आखडतात आणि नेमके तिथेच फसतात. माझं गणित असं: मशीनं १ लाख १० हजार, कापड-अस्तर-लेस ९० हजार, आणि मे महिन्यात एका वेळी ताब्यात असलेला ग्राहकांचा माल अंदाजे ३ लाख. एकूण ५ लाख. समजा, पाऊस सुरू झाल्यावर कपाट निम्मं रिकामं असतं म्हणून मी अडीच लाखांचाच विमा काढला आणि मे महिन्यात १ लाखाचं नुकसान झालं, तर मालाच्या अर्ध्याच किमतीचा विमा होता म्हणून हातात अर्धेच येतील, ५० हजार. सूक्ष्म उद्यममध्ये १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, म्हणजे माझी रक्कम सव्वाचार लाखांच्या खाली नसली की कापाकापी नाही. गृह रक्षात हा जाच नाही, पण तिथे माझा मालच नाही. म्हणून रक्कम धरायची ती भर हंगामाची: माझी लग्नसराईची, तिची दिवाळीच्या आदल्या आठवड्याची, जेव्हा बेसन, तूप, सुका मेवा यांची पोती आणि डबे बेडरूमपर्यंत आलेले असतात. कच्चा माल आपल्याला जेवढ्याला पडला त्या भावाने मोजतात. त्यावर मिळणारा नफा त्यात येत नाही.

नफ्याचं निघालंच आहे तर: धंदा पंधरा दिवस बंद राहिला म्हणून बुडालेली कमाई यातली कुठलीही साधी पॉलिसी देत नाही. त्याचा विमा वेगळा असतो आणि आपल्या आकाराच्या धंद्याला मला तरी तो परवडेलसा वाटला नाही. शॉर्ट सर्किटने मशीनची मोटर जळली तर ती मोटर मिळत नाही. तिथून पसरलेल्या आगीत गेलेलं बाकीचं मिळतं. डीप फ्रीजर बंद पडून आतला माल नासला तर त्याचं संरक्षण वेगळं मागायचं. कुरिअरने पाठवलेलं पार्सल घराबाहेर पडलं की पॉलिसीच्याही बाहेर पडलं.

सोसायटीचा विमा आहे ना, असं अजूनही कोणी म्हणतं. तो इमारतीचा. तुमच्या दाराच्या आतलं सामान त्यात नाही. नणंदेचं घर भाड्याचं आहे, तेव्हा इमारतीची काळजी मालकाची. तिने फक्त आपलं सामान आणि माल बघायचा. पण तिच्या लीव्ह अँड लायसन्सच्या करारात 'फक्त निवासासाठी' असं छापलेलं आहे. मालकाकडून धंद्याला हरकत नसल्याची दोन ओळींची चिठ्ठी घे, असं मी तिला तीनदा सांगितलंय. मुद्राचं कर्ज घेतलं असेल तर विम्यात बँकेचं नाव लागतं आणि दाव्याचे पैसे आधी कर्जखात्याकडे वळू शकतात, तेही लक्षात असू द्या. फॉर्मवर 'घरातून व्यवसाय' हे स्वतःच्या हाताने लिहा. कोपऱ्यात का होईना, पण लिहा.

हप्त्याचं म्हणाल तर गृह रक्षाचा वर्षाचा हप्ता आमच्या एका महिन्याच्या वीजबिलापेक्षा कमी येतो. वर १८ टक्के जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, घराच्या आणि धंद्याच्या विम्यावरचा नाही. एजंटने तोही गेला असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. धंद्याच्या पॉलिसीचा हप्ता धंद्याच्या खर्चात दाखवता येतो, एवढं समाधान. आणि दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. एकल मालकीचे धंदे आणि सूक्ष्म उद्योगही तिथे जाऊ शकतात, भरपाईची मर्यादा ५० लाखांची, फी नाही, आणि आपल्या भागासाठीचं कार्यालय ठाण्यातच आहे.

तर मी काय केलं? घराला गृह रक्षा तशीच ठेवली. शिवणकामाला सूक्ष्म उद्यम घेतली ५ लाखांची, ग्राहकांच्या मालाची ओळ घालून. पॅकेज घेतलं नाही. माझ्याकडे येणारी गिऱ्हाइकं दिवसाला चार, त्यांच्यासाठी दारातली पायपुसणी बदलली. कधी मदतनीस दोनाच्या चार झाल्या आणि हॉलचं दुकान झालं, तर पुन्हा विचार करेन.

नणंदेला मी उलट सांगते. तिने पॅकेज घ्यावं, घरफोडी आणि पब्लिक लायबिलिटी हे कप्पे धरून, प्रॉडक्ट लायबिलिटी जोडून, फ्रीजरमधल्या मालासकट. कंपनी घराच्या पत्त्यावर पॅकेज द्यायला तयार नसेल, तसं काही जणी म्हणतात, तर सूक्ष्म उद्यम आणि घरफोडी आणि प्रॉडक्ट लायबिलिटी अशा तीन वेगळ्या पॉलिसी घ्याव्यात. कागद जास्त होतात, संरक्षण जवळपास तेच. तिचं टीव्ही-कपाट सध्या बिनविम्याचं राहिलं तरी चालेल.

काल तिने मोबाइलवर सगळ्या घराचा व्हिडिओ काढून पाठवला, मीच सांगितलं होतं, एकेका वस्तूजवळ थांबून किंमत बोलत. पीठ मळायचं मशीन, कढया, सोऱ्या, तुपाचे डबे. फ्रीजरपाशी आल्यावर आवाज खाली गेला. "वहिनी, याचं बिल काही सापडत नाहीये. सानपाड्याच्या एका भाऊंकडून सेकंडहँड घेतला होता, रोख." त्या भाऊंचा नंबर तरी आहे का, हे आता शोधतोय.