बाहुलीलाही सलाईन
न्यूमोनियामुळे लेक ५ दिवस या हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डात होती. सलाईनची सुई दिसताच तिनं किंकाळ्या फोडल्या. सिस्टरनी जबरदस्ती केली नाही. आधी बाहुलीच्या हाताला पट्टी बांधली, बिनसुईच्या सिरिंजनं तिला 'औषध' दिलं, मग लेकीला पिवळी, २४ गेजची कॅन्युला (शिरेत घालायची बारीक नळी) दाखवली. टोचताना रडलीच, पण हात ओढला नाही. नेब्युलायझरचा (श्वासातून औषधाचा फवारा देणाऱ्या यंत्राचा) मास्क म्हणे वैमानिकाचा! साबणाचे फुगे फुंकायला लावायच्या; मला वाटलं नुसता टाइमपास, पण दीर्घ श्वासाचा व्यायाम तोच. खेळण्यांची खोली मात्र संध्याकाळी ५ ला कुलूपबंद, आणि मुलं खरी कंटाळतात ती त्यानंतरच. रंगीत खडूही सगळे तुटके. घरी आल्यापासून बाहुलीला रोज तीनदा सलाईन लागतं, आजोबांनाही.