मायक्रोसॉफ्ट ऑफिस घ्यायचंय, पण अपग्रेड की फुल?

दिवाळीनंतर गोव्यातल्या डिचोलीच्या मावसबहिणीचा फोन. "दादा, माझ्या लॅपटॉपवर ऑफिस 2019 आहे, आता 2024 चं नुसतं अपग्रेड घेतलं तर स्वस्तात पडेल ना रे, पूर्ण कशाला घेऊ?" ती घरूनच दोन दुकानांचे आणि एका काजूवाल्याचे हिशोब बघते. हाच प्रश्न याआधी फोंड्यात दोघांनी विचारलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

तर मुळात तसं अपग्रेड आता मिळतच नाही. ऑफिस 2010 आलं तेव्हाच मायक्रोसॉफ्टनं अपग्रेडचा वेगळा स्वस्त डबा बंद केला. तुमच्याकडे 2016 असो, 2019 असो की 2021, तुम्हाला 2024 हवं तर नव्या गिऱ्हाइकाइतकेच पैसे. आणि ते मिळत होतं तेव्हासुद्धा डोळे झाकून घेण्यासारखं नव्हतं. ऑफिस 2007 च्या वेळचे अमेरिकेतले भाव बघा, स्टँडर्ड फुल 400 डॉलर, तेच अपग्रेड 240 डॉलर, बघणाऱ्याला वाटायचं 160 वाचले, पण होम अँड स्टुडंटचं फुलच 150 डॉलरला होतं आणि घरातल्या तीन कॉम्प्युटरवर चालायचं. ज्याला आउटलुक (ईमेलचा प्रोग्राम) नको आणि धंद्याला वापरायचं नाही त्याच्यासाठी फुल हे अपग्रेडपेक्षा स्वस्त! वर अपग्रेडवाल्याला जुन्या ऑफिसचा पुरावा सांभाळून ठेवावा लागायचा, आणि ते जुनं दुसऱ्या मशीनवर टाकून भावाला द्यावं म्हटलं तर तेही लायसन्समध्ये बसत नव्हतं.

आता राहिलं काय, तर एकदाच पैसे भरून घ्यायचं 2024, नाहीतर मायक्रोसॉफ्ट 365 ची वर्गणी. अपग्रेडची जागा आता खरं तर या वर्गणीनंच घेतलीय, पैसे भरत राहा आणि नवीन काय येईल ते आपोआप मिळत राहील. वर्गणी थांबली की फाइल उघडते, वाचता येते, प्रिंट होते, पण बदल करता येत नाही. मार्च अखेरीला हे झालं तर काय होईल त्याचा विचार तुम्हीच करा.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे बघावी लागते आणि ती कोणीच बघत नाही. नुसतं 'होम' लिहिलेलं 2024, किंवा 365 चं पर्सनल आणि फॅमिली, हे सगळं घरगुती वापरासाठी. लोकांचे हिशोब पैसे घेऊन करत असाल तर होम अँड बिझनेस 2024 किंवा 365 चा बिझनेसवाला प्लॅन. अमेरिकेतल्या किमतीनं होम अँड बिझनेस 250 डॉलर, आणि फक्त वर्ड-एक्सेल वगैरे देणारा अॅप्स फॉर बिझनेस वर्षाला साधारण 100 डॉलर, म्हणजे अडीच वर्षांत बरोबरी. रुपयातला भाव घेताना बघा, पण हिशोब याच पद्धतीनं मांडायचा. 2024 ला सिक्युरिटी अपडेट 9 ऑक्टोबर 2029 पर्यंत आहेत. बहिणीच्या 2019 चे 14 ऑक्टोबर 2025 लाच संपले, सॉफ्टवेअर चालतंय अजून, पण बँकेची स्टेटमेंटं त्याच मशीनवर उघडायची म्हणजे जिवाला घोर.

नेटचं म्हणाल तर 365 ला ते सतत लागेल अशी वाळपईकडच्यांना उगाच भीती असते. 365 ला महिन्यातून एकदा नेट मिळालं की पुरतं, पावसात चार दिवस गेलं तरी काही अडत नाही.

बहिणीला नवीन का हवं होतं ते ऐका. काजूवाल्याच्या मुलानं पाठवलेल्या शीटमध्ये एक्सलुकअप (XLOOKUP, यादीतून हवी ती नोंद शोधून आणणारा) फॉर्म्युला होता. 2019 मध्ये शीट उघडली, आकडे सगळे नीट दिसत होते, हिनं एका सेलवर एफ-टू दाबून एंटर केलं आणि तिथे नेम एरर, म्हणजे एक्सेलला फॉर्म्युल्याचं नावच कळेना. दुसऱ्या सेलवर केलं, तिथेही तेच. एक्सलुकअप 2021 पासून पुढे आणि 365 मध्ये आहे, 2019 मध्ये नाहीच. मजा म्हणजे फुकटातल्या लिब्रेऑफिसमध्ये तो 24.8 व्हर्जनपासून आहे, आणि ते धंद्याला वापरलं तरी चालतं. पण मॅक्रो (शीटमध्ये आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम) असलेल्या शीटा तिथे भरवशाच्या नाहीत, आणि काजूवाल्याकडे मॅक्रो आहेत, म्हणून तिच्यापुरतं ते बाद. देवळाच्या कमिटीचं काम असतं तर मी लिब्रेऑफिसच सांगितलं असतं.

(जुन्या मराठी फाइली वर्डमध्ये गिचमिड दिसतात म्हणून नवीन ऑफिस घेणार असाल तर थांबा. तो दोष जुन्या, युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टचा, तो फॉन्ट मशीनवर नसेल तर 2024 मध्येही तसंच दिसणार.)

आता लॅपटॉपचं. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट येते-जाते, दमट हवा, मशीन कधी मान टाकेल सांगता येत नाही. लॅपटॉपबरोबर आलेलं ऑफिस त्या लॅपटॉपबरोबरच जातं. वेगळं विकत घेतलेलं रिटेल ऑफिस जुन्या मशीनवरून काढून नव्यावर टाकता येतं, एका वेळी एकच मशीन, पण तुमचंच राहतं. ऑनलाईन पाचशे रुपयाला ऑफिस चालू करायची की (कोड) विकतात, तिच्या वाटेला जाऊ नका, आमच्या शेजाऱ्याची आठ महिन्यांत बंद पडली आणि विकणारा फोन उचलेना.

मी तिला होम अँड बिझनेस 2024 सांगितलं. एकच माणूस, एकच मशीन, मोबाईलवर शीट भरायची सवय नाही, वर्गणी कशाला. दोघं-तिघं एकाच शीटवर एकदम काम करत असते तर 365 म्हटलं असतं.

आणि घेण्याआधी जुनं ऑफिस कुठल्या अकाउंटवर आहे ते बघ म्हटलं. तिनं अकाउंटचं पान उघडलं तर ईमेल तिचा नाहीच, लॅपटॉप घेतला त्या दुकानातल्या पोरानं स्वतःचा टाकून अॅक्टिव्हेट केलेलं, पाच वर्षं कुणाला पत्ता नाही. नवीन घेताना बॉक्स दुकानात फोडू दिला नाही तिनं, घरी आणून स्वतःच्या ईमेलवर टाकलं, आणि तो ईमेल हिशोबाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.