१८,१०० रुपयांची ‘फुंकलेली’ काच

आधी आकडे. सहा ग्लास, ६५०ला एक, म्हणजे ३,९००. निळा जग २,८५०. लटकत्या दिव्यांच्या तीन शेड, ३,४००ला एक, १०,२००. ‘लाकडी खोक्याचं पॅकिंग’ १,१५० (खोकं पुठ्ठ्याचं निघालं, ते असो). एकूण १८,१००. निम्मे आगाऊ, निम्मे माल निघताना, दोन्ही वेळा यूपीआयने. फिरोजाबादची हाताने फुंकलेली काच म्हणून घेतली; आली ती साच्यात दाबलेली, वरून रंग मारलेली. आणि आमचा धंदाच लोकांच्या घरांसाठी दिवे आणि काचसामान निवडून देण्याचा. हसा खुशाल.

भट्टीचा व्हिडिओ, घामाघूम कारागीर, ‘शेवटचे दोनच सेट’ हे सगळं तुम्हीही पाहिलेलं आहे. त्याला आम्ही भुललो नव्हतो. बुडाचे फोटो आम्हीच मागवले होते. फुंकणीवर, म्हणजे फुंकायच्या पोकळ नळीवर, फुगवलेला नग बुडाकडून लोखंडी सळईला चिकटवतात, तोंड घडवतात आणि टिचकी मारून सोडवतात. तिथे बुडाला खरखरीत वण राहतो, किंवा तो घासला असेल तर गुळगुळीत खळगा. फोटोत सहाही बुडांवर वण होता. झालं, आम्ही खूश.

तो वण सहाही बुडांवर हुबेहूब एकच होता. तीच शेपटी, तशीच डावीकडे वळलेली. काच तुटून झालेला वण दोन नगांवर सारखा येणं शक्यच नाही. तो साच्यातच कोरलेला होता. आणि त्याच्या शेजारी उठावाचा बारीक आकडा, काहींवर ४, काहींवर ७. साच्याच्या खणाचा नंबर, बाजारातल्या कुठल्याही स्वस्त ग्लासच्या बुडाला असतो तसा. तो आकडा आम्ही झूम करून पाहिला, आणि आम्हाला वाटलं काय, तर कारागिराचा नंबर असेल! फोटो अजून फोनमध्ये आहे. पुसवत नाही.

दुसरी खूणही विक्रेत्यानेच हातात दिली होती. ‘आमचा माल पारंपरिक कोळशाच्या भट्टीवरचा.’ फिरोजाबाद ताज ट्रॅपेझियममध्ये, म्हणजे ताजमहालाला प्रदूषणापासून जपायला आखलेल्या पट्ट्यात येतं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाचा कोळशाविरुद्धचा आदेश आला आणि तिथल्या भट्ट्या नैसर्गिक वायूवर गेल्या. हे आम्हाला माहीत होतं. कानाआड केलं, कारण ग्राहकाच्या घराची वास्तुशांत आठ दिवसांवर होती.

माल आल्यावर ग्लास काट्यावर ठेवले: २१२, २१२, २१३, २१२, २१३, २१२ ग्रॅम. हाताने फुंकलेल्या सहा नगांत सहज दहा-पंधरा ग्रॅमचा फरक पडतो, कारण भट्टीतून दर वेळी उचललेली काच मोजून येत नाही. म्हणून पैसे देण्याआधी काट्यावरचे फोटो मागवा, बुडाचे नाही. साच्याच्या जॉइंटच्या नुसत्या रेघेवर मात्र जाऊ नका. दोन पाकळ्यांच्या साच्यात तोंडाने फुंकलेल्या नगालाही रेघ येते, आणि ओल्या साच्यात फिरवत फुंकलेला नग बिनरेघेचा निघतो. त्या रेघेवरून चांगल्या कारागिरालाही लोक खोटं ठरवतात.

पाण्याच्या जगचा निळा रंग तोंडाच्या कडेला गरम पाण्याने सुटला. ज्या कडेवरून पाणी ओतायचं तिथेच. रंग काचेतच असेल तर जाड बुडाशी गडद आणि पातळ कडेला फिका दिसतो. इथे खालपासून वरपर्यंत एकच छटा. नेलपॉलिश रिमूव्हरचा कापूस बुडाला घासा, निळा झाला की समजा.

एक शेड तिसऱ्या रात्री फुटली. दिवा बंद, आत ९ वॉटचा एलईडी. विक्रेता म्हणतो, ‘बल्ब जास्त वॉटचा लावला असेल.’ साधी सोडा काच पाचशे-साडेपाचशे अंशांवर थोपवून मग सावकाश निववावी लागते. घाई केली की ताण आत अडकतो आणि काच पुढे कधीही तडकते. उरलेल्या दोन शेड आम्ही लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर धरल्या आणि पोलराइज्ड गॉगल पडदा काळा दिसेपर्यंत फिरवला. होल्डरच्या भोकाभोवती इंद्रधनुष्य, म्हणजे ताण तिथेच अडकलेला! त्या डोक्यावर टांगायच्या नाहीत. ग्राहकाला दुसऱ्या घेऊन दिल्या, खर्च आमच्या खिशातून.

आता दाद. चौकीत पहिला प्रश्न, ‘वस्तू आली ना? मग फसवणूक कसली?’ दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब, ‘ही दिवाणी बाब.’ आम्ही वण दाखवला, साच्याचा आकडा दाखवला. ते म्हणाले, ‘छान आहेत की ग्लास.’ बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. कुरिअरवाला म्हणतो, खोकं सही-सलामत पोचलं. सगळे आपापल्या जागी बरोबर, चूक फक्त पैसे देणाऱ्याची! एका टेबलावर तर ‘बिल आहे का’ विचारलं. बिल होतं. त्यावर लिहिलं होतं ‘काचेच्या वस्तू, १० नग’. हाताने फुंकलेली असा शब्दच नाही. हा शब्द बिलावर लिहून घ्या, नुसता गप्पांत नको.

ग्राहक आयोगाकडे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. हे आम्हाला कुठल्याही टेबलावर कोणी सांगितलं नाही. ग्लास आणि जग पुरावा म्हणून तसेच ठेवलेत. फुटलेल्या शेडचे तुकडे मात्र त्याच सकाळी झाडून टाकले, तेही आमचंच शहाणपण. तुम्ही टाकू नका, वर्तमानपत्रात गुंडाळून वर तारीख घाला.