तांब्याच्या नावाखाली गनमेटल: वॉटर-कूल्ड स्पाउटच्या खरेदीत झालेली फसवणूक

हिंगणा एमआयडीसीतील आमच्या लहान फाउंड्रीत क्युपोला भट्टीसाठी, म्हणजे लोखंड वितळवणाऱ्या उभ्या भट्टीसाठी, पाण्याने थंड राहणारा तांब्याचा स्पाउट (वितळलेले लोखंड भट्टीबाहेर वाहून नेणारी पन्हळ) खरेदी करताना आमची जी फसवणूक झाली, ती सविस्तर लिहून ठेवत आहे. पैसे गेले याचे दुःख आहेच. परंतु हा माल भट्टीला जोडून पहिली हीट (वितळलेल्या धातूची खेप) काढली असती, तर टॅप होलसमोर, म्हणजे धातू बाहेर पडतो त्या छिद्रासमोर, उभ्या असलेल्या माणसांच्या जिवावर बेतले असते. हिंगणा, बुटीबोरी आणि कळमेश्वर भागात भट्टी चालवणाऱ्या प्रत्येकापर्यंत हा अनुभव पोहोचावा, असे मनापासून वाटते.

क्युपोलातून लोखंड सलग काढायचे असेल, तर साध्या स्पाउटचे रॅमिंग मासचे (ठोकून बसवलेल्या उष्णतारोधक मिश्रणाचे) अस्तर स्लॅगच्या (धातूवर तरंगणाऱ्या वितळलेल्या मळीच्या) पातळीवर झपाट्याने खाल्ले जाते आणि काम थांबवून त्याची डागडुजी करावी लागते. वॉटर-कूल्ड स्पाउटमध्ये अस्तराच्या मागे तांब्याचे ओतीव अंग असते आणि त्या अंगातून पाणी फिरत राहते, त्यामुळे अस्तराची उष्णता सतत ओढून घेतली जाते आणि आतल्या बाजूला स्लॅगचा गोठलेला पातळ थर बसून तोच अस्तराचे रक्षण करतो. लोखंड १४०० अंशांच्या वर वाहत असते आणि तांबे १०८५ अंशांनाच वितळते. तरीही तांबे टिकते, कारण आलेली उष्णता ते तितक्याच वेगाने पाण्याला देऊन टाकते. शुद्ध तांब्याची उष्णतावाहकता मीटर-केल्विनमागे सुमारे ४०० वॅट असते. तांबे, कथील, शिसे आणि जस्त यांच्या नेहमीच्या ८५-५-५-५ गनमेटलची वाहकता त्याच्या पाचव्या हिश्शाइतकीही नसते, शिवाय ते तांब्याहून कमी तापमानालाच वितळू लागते. आमच्या बाबतीत घडलेला सगळा प्रकार या एका फरकावर उभा आहे, कारण दोन्ही धातू रंगवल्यावर सारखेच दिसतात आणि वजनातही इतके जवळ आहेत की काट्यावर ठेवून काहीच कळत नाही.

पुरवठादाराचे नाव मी येथे देत नाही, कारण प्रकरण पोलिसांकडे आहे. त्याचे बोलणे मात्र जाणकाराचे होते. नागपूर-भंडारा पट्ट्यातील मँगनीजच्या खाणी, त्यांच्या आधारावर चालणाऱ्या फेरोमँगनीजच्या भट्ट्या, तिथल्या टॅपिंगच्या अडचणी यांची त्याला चांगली माहिती होती. सीमलेस तांब्याची नळी साच्यात ठेवून तिच्याभोवती इलेक्ट्रोलायटिक (विजेच्या प्रक्रियेने शुद्ध केलेले) तांबे ओतू, नळी आणि ओतीव अंग एकजीव होतील, १० किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबावर हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची गळती-चाचणी, देऊ, असे त्याने कोटेशनमध्ये लिहून दिले. किंमत बाजारभावाच्या आसपासच होती. फसवणारा माणूस नेहमी स्वस्तातच देतो, असे समजणाऱ्यांनी ही बाब मुद्दाम लक्षात घ्यावी.

निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली आमच्या माणसासमोर हायड्रो टेस्ट झाल्यावर, असे ठरले होते. टेस्टच्या तारखा मात्र तो पुढे ढकलत राहिला. कधी वीज नाही, कधी कारागीर गावाला गेले. शेवटी त्याने टेस्टचा व्हिडिओ, एका मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा धातुपरीक्षण अहवाल आणि ट्रान्सपोर्टची बिल्टी असे तिन्ही एकाच दुपारी पाठवले, आणि माल नागपूरच्या गोदामात पोहोचला असून उरलेली रक्कम आल्यावरच सोडला जाईल, असा निरोप दिला. भट्टी बंद, ग्राहकांच्या ऑर्डरी अडकलेल्या आणि हातात सही-शिक्क्याचा अहवाल, अशा स्थितीत मालकांनी रक्कम आरटीजीएसने पाठवली. ही कोंडी त्याने जाणूनबुजून घडवून आणली होती, याविषयी माझ्या मनात आता शंका नाही.

तो व्हिडिओ आम्ही नंतर पुन्हा पुन्हा पाहिला. हातपंपाचा दांडा हलतो, गेजचा काटा १० वर जाऊन स्थिर राहतो, कॅमेरा स्पाउटभोवती फिरतो आणि कुठेही थेंब दिसत नाही. पण गेज पंपाच्या बाजूला आहे, आणि गेज व स्पाउट यांच्या मध्ये एक बॉल व्हॉल्व्ह आहे. एका क्षणी त्या व्हॉल्व्हचा निळा दांडा चित्रात येतो आणि तो नळीला आडवा आहे, म्हणजे व्हॉल्व्ह बंद आहे. दाब होता तो पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या हातभर नळीत होता. स्पाउटपर्यंत तो पोहोचलाच नव्हता.

स्पाउट आल्यावर त्यावर रॅमिंग मासचे अस्तर घातले, पाणी चालू केले आणि गॅस बर्नरने अस्तर सुकवायला घेतले. ओल्या अस्तरातून सुरुवातीला वाफ निघतेच, त्यात वावगे काही नसते. परंतु बाकी सगळे अस्तर पांढरट पडून सुकले, तरी टोकापासून वीतभर मागे तळहाताएवढा एक डाग काळपट ओलाच राहिला. बर्नर त्यावर धरला की तो फिका पडे आणि बाजूला केला की पुन्हा गडद होई. भट्टीवर आयुष्य घालवलेले आमचे मिस्त्री तिथेच थांबले आणि त्यांनी भट्टी पेटवू दिली नाही. त्या दिवशी त्यांनी जे केले, त्याचे मोल पैशांत होण्यासारखे नाही.

हा ओला डाग किती घातक होता, हे या धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. वितळलेल्या लोखंडाच्या वर पाणी पडले, तर ते बहुधा तडतडून उडून जाते, आणि तेही धोक्याचेच असते. पाणी जर धातूच्या खाली अडकले, तर त्याला निघायला वाट राहत नाही आणि क्षणार्धात त्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ साध्या दाबाला सुमारे १७०० लिटर जागा व्यापते, आणि तापलेल्या वाफेला त्याहून अधिक जागा लागते. ही वाफ वरचा धातू उडवूनच बाहेर पडते. स्पाउटच्या अस्तरात झिरपणारे पाणी नेमके धातूच्या खालीच असते आणि लेडल (वितळलेला धातू झेलण्याचे भांडे) धरणारी माणसे तिथून दोन पावलांवर असतात.

अस्तर काढून मिस्त्रींनी स्पाउटच्या कडेवर कानस फिरवली. वरचा लालसर रंग निघाला आणि खालून पिवळट धातू दिसला. ‘साहेब, हे तांबं नाही जी,’ ते म्हणाले, ‘तांबं कानशीत चिकटून बसते, हा कीस तर भुरभुर पडून राहिला.’ त्यानंतर आम्ही आमचा पंप जोडून, मधे कोणताही व्हॉल्व्ह न ठेवता, दाब दिला. काटा ४ किलोच्या पुढे गेलाच नाही आणि कडेच्या एका रेघेतून पाणी पाझरू लागले. ती रेघ इपॉक्सी पुटीने भरून वरून रंगवलेली होती.

धातूचा तुकडा आम्ही दुसऱ्या प्रयोगशाळेत दिला. स्पेक्ट्रो तपासणीत तांबे ८५ टक्क्यांच्या जवळ आणि बाकी कथील, शिसे व जस्त निघाले. विद्युतवाहकता मोजणारे लहान मीटर पृष्ठभागावर टेकवले, तर आयएसीएस मापात (प्रमाणित तांब्याची वाहकता १०० टक्के धरणाऱ्या मापात) १५ टक्क्यांच्या आसपास आकडा आला. चांगल्या शुद्ध तांब्याचा हा आकडा १०० च्या जवळ असतो, आणि ओतीव तांब्यातही तो इतका खाली कधी जात नाही. मोजणी काही सेकंदांची असते आणि त्यासाठी माल कापावा लागत नाही. उष्णता आणि वीज वाहून नेण्याचे धातूचे गुण बरोबरीने चालतात, म्हणून स्पाउटसाठी याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही.

नंतर पंचनाम्यासारखे फोटो काढत आम्ही स्पाउट आडवा कापला. आत तांब्याच्या नळीऐवजी साधी लोखंडी नळी होती, आणि नळी व ओतीव अंग यांच्या मध्ये चहूबाजूंनी इतकी फट होती की फीलर गेजची ०.५ मिलिमीटरची पाती सहज आत गेली. हवेची अशी फट म्हणजे उष्णतेच्या वाटेत घातलेला बांध असतो. गळती नसती, तरी पाणी एकीकडे थंडच वाहत राहिले असते आणि धातू दुसरीकडे तापून वितळला असता.

पुरवठादाराला कळवले, तेव्हा त्याने पहिला दोष आमच्या पाण्याला दिला. बोअरवेलच्या जड पाण्याचा क्षार नळीत साचतो, त्यामुळे स्पाउट तापला आणि तडकला, असे त्याचे म्हणणे होते. नागपूरकडच्या बोअरच्या पाण्याविषयी हे एरवी खरे आहे, आणि म्हणूनच आम्ही कूलिंगच्या फेऱ्यात सॉफ्टनरचे पाणी वापरतो. पण या स्पाउटमधून लोखंडाचा एक थेंबही वाहिला नव्हता आणि कापलेल्या नळीत क्षाराचा कणही नव्हता. हे फोटो पाठवल्यावर त्याने सूर बदलला आणि ‘माल परत पाठवा, मग बघू’ असे म्हणू लागला.

येथे एक कायदेशीर बाब सर्वांनी माहीत करून घ्यावी. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे, नाकारलेला माल परत पाठवण्याचे बंधन खरेदीदारावर नसते. दुसरा करार झालेला नसेल, तर माल स्वीकारत नाही एवढे कळवणे पुरेसे असते. आम्ही वाजवी वेळेत लेखी नकार कळवला आणि माल स्वतःकडेच ठेवला. तो परत गेला असता, तर आमच्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा हातचा गेला असता.

प्रयोगशाळेच्या अहवालाची शहानिशा त्यावरील यूएलआर क्रमांकावरून (मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या प्रत्येक अहवालाला मिळणाऱ्या स्वतंत्र क्रमांकावरून) झाली. प्रयोगशाळेने कळवले की त्या क्रमांकाचा अहवाल खरा आहे, परंतु तो वेगळ्याच ग्राहकाने दिलेल्या तांब्याच्या सळईचा आहे. ग्राहकाचे नाव आणि नमुन्याचे वर्णन खोडून तेथे आमच्या स्पाउटचा मजकूर बसवलेला होता. बिलावरील जीएसटी क्रमांक ऑर्डर देताना चालू दिसत होता. महिन्याअखेरीस मात्र आमच्या २बी मध्ये (पुरवठादारांनी नोंदवलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या विवरणात) ते बिल आलेच नाही, आणि पोर्टलवर पुरवठादाराची नोंदणी निलंबित झाल्याचे दिसले. त्यामुळे मालाच्या रकमेबरोबर त्यावर भरलेल्या कराची वजावटही अडकली.

ग्राहक आयोगाकडे जाता येईल का, असे अनेकांनी विचारले. व्यापारी कारणासाठी केलेल्या अशा खरेदीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार सहसा मिळत नाही. आमच्या वकिलांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार आणि रकमेच्या वसुलीसाठी व्यापारी दावा, अशा दोन्ही वाटा धरल्या आहेत. दाव्याची रक्कम ३ लाखांच्या वर असल्यामुळे दाव्याआधी मध्यस्थीची पायरी घ्यावी लागली. त्या बैठकीला समोरून कोणीही आले नाही.

नवा स्पाउट आम्ही दुसरीकडून घेतला. या वेळी ऑर्डरमध्येच लिहिले की ओतकामाच्या वेळी त्याच हीटचा चाचणी-तुकडा आमच्यासमोर काढून त्यावर दोघांच्या सह्या होतील, वाहकता आमच्या मीटरने रंग देण्याआधी मोजली जाईल, आणि दाबाच्या चाचणीत गेज स्पाउटमधून पाणी बाहेर पडते त्या तोंडावर बसवलेले असेल. शेवटची रक्कम पाण्याच्या चाचणीनंतर द्यायची आहे. मिनिटाला १०० लिटर पाणी १० अंशांनी तापले, तर ते सुमारे ७० किलोवॅट उष्णता नेते, या हिशेबाने स्पाउट प्रत्यक्षात किती उष्णता ओढतो ते मोजता येते. परतीचे पाणी उघड्या नरसाळ्यात पडते, म्हणजे धार बारीक झाली की भट्टीवरच्या माणसाला लगेच दिसते, आणि परतीच्या नळीवर व्हॉल्व्ह कुठेही ठेवलेला नाही.