मुंबईच्या घरासाठी गालिचा: लोकर, सूत, ताग की कृत्रिम धागा?

गालिचा घेताना बहुतेक जण आधी सोफ्याचा आणि पडद्यांचा रंग पाहतात. मुंबईत राहणाऱ्याने मात्र त्याआधी स्वतःला एक वेगळा प्रश्न विचारावा: जुलै महिन्यात हा गालिचा ओला झाला, तर तो घरातले कोण उचलेल आणि कुठे वाळत घालेल? जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत शहरात साधारणपणे 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, कधीकधी आठवडाभर ऊन दिसत नाही आणि भर पावसाळ्यात हवेतील आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते. ज्या हवेत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते, त्याच हवेत गालिचा जमिनीला चिकटून, खालून वारा न लागता पडून राहणार असतो. त्यामुळे पुढची सगळी तुलना ओलावा, वजन आणि धुलाई यांच्या अंगाने केली आहे. रंग आणि नक्षी ज्याने त्याने आपल्या आवडीने ठरवावी.

लोकर आणि पॉलिप्रॉपिलीन हा कृत्रिम धागा ही या बाबतीत दोन टोके आहेत. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्क्यांपर्यंत ओलावा शोषून घेते आणि तरीही हाताला कोरडी लागते, म्हणून पावसाळ्यात लोकरीच्या गालिच्यावर अनवाणी पायांनी चालताना तो चिकट वाटत नाही. पण तोच ओलावा आत साठून राहिला की कुबट वास येऊ लागतो, आणि सोफ्याखालच्या, कधीच न हलवलेल्या अंधाऱ्या भागात कसर लागते. पॉलिप्रॉपिलीनचा धागा पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्याला कसर लागत नाही, आणि चहा सांडला तर ओल्या फडक्याने निपटून काढता येतो. मात्र तेलकट डाग तो धरून ठेवतो, आणि टीपॉयच्या पायाखाली त्याची लव एकदा दबली की सहसा उठत नाही. लोकरीची दबलेली लव थोडी वाफ दिल्यावर बरीचशी पुन्हा उभी राहते. नायलॉन या दोहोंच्या मधला आहे: तो ओलावा थोडाच घेतो आणि वर्दळ चांगली सोसतो. भाड्याच्या घरात, दोन-तीन वर्षांचाच विचार असेल, तर पॉलिप्रॉपिलीन घेण्यात काहीच कमीपणा नाही. वीस वर्षे वापरायची वस्तू हवी असेल, तर लोकरच घ्यावी.

परंतु ‘लोकरीचा, हाताने बनवलेला’ एवढ्या दोन शब्दांवर विसंबून पैसे मोजू नयेत, कारण हे दोन्ही शब्द खरे असूनही गालिचा अगदी वेगवेगळ्या जातीचा असू शकतो. गाठींच्या गालिच्यात उभ्या ताण्यावर एकेक गाठ हाताने मारलेली असते. भदोही, जयपूर आणि काश्मीर येथे हे काम होते. काश्मीरचे विणकर तर नक्षी चित्रावरून न विणता ‘तालीम’ नावाच्या सांकेतिक लिपीतून वाचून विणतात. टफ्टेड गालिच्यात धागा हातात धरलेल्या यंत्राने कापडात टोचला जातो, तो निसटू नये म्हणून मागे लॅटेक्सचा, म्हणजे रबराचा, डिंक फासला जातो आणि त्यावर जाड कापड चिकटवले जाते. समोरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. फरक किती मोठा आहे, हे हिशेबाने कळते: चौरस इंचाला 100 गाठी धरल्या, तर 4 बाय 6 फुटांच्या गालिच्यात 3,45,600 गाठी होतात, आणि एका विणकराने दिवसाला 6,000 गाठी मारल्या तरी त्याचे जवळजवळ दोन महिने त्यात जातात. टफ्टेड गालिचा त्या मानाने फार थोड्या दिवसांत तयार होतो, म्हणूनच तो स्वस्त असतो, आणि स्वस्त असणे हा काही दोष नव्हे. दोष आहे तो त्या डिंकाचा.

आमच्या घरी प्रदर्शनातून घेतलेला एक टफ्टेड गालिचा होता, लोकरीचा, गडद तांबडा, सगळ्यांना आवडणारा. तिसरा पावसाळा सरल्यावर दिवाळीच्या साफसफाईसाठी तो उचलला, तेव्हा लादीवर पिवळसर भुकटीचा थर पसरलेला होता आणि मागचे कापड एका कोपऱ्यातून पापुद्र्यासारखे सुटले होते. लॅटेक्स दमट हवेने आणि उष्णतेने कोरडा पडून झडत होता. त्याला येणारा जुन्या रबराचा वास धुऊनही गेला नाही. तेव्हापासून मी दुकानात गालिच्याची समोरची बाजू पाहण्याआधी त्याचा कोपरा उलटून पाहते. मागे नक्षी स्पष्ट दिसत असेल आणि छोट्या छोट्या, किंचित वेड्यावाकड्या गाठी हाताला लागत असतील, तर तो गाठींचा गालिचा असतो. मागे सपाट कापड चिकटवलेले असेल, तर तो टफ्टेड समजावा. झालरही पाहावी: गाठींच्या गालिच्याची झालर म्हणजे ताण्याचीच उरलेली टोके असतात, तर टफ्टेड गालिच्याला ती वरून शिवलेली किंवा चिकटवलेली असते.

गाठींचा गालिचा घेताना आणखी एक गोष्ट विचारावी, आणि ती विचारताना संकोच करू नये. मागांवर लहान मुलांना बसवले जात असे, म्हणून त्याविरुद्ध 1994 साली, बालमजुरीशिवाय विणलेल्या गालिच्याला लावायची ‘रगमार्क’ ही चिठ्ठी सुरू झाली. तिलाच आता ‘गुडवीव्ह’ म्हणतात. दुकानदाराला तिची माहिती आहे का, एवढे विचारले तरी पुष्कळ कळते.

आता सतरंजी. तिला गालिच्याच्या पंक्तीला बसवायला लोक का कचरतात, हे मला खरोखर समजत नाही. मुंबईच्या हवेला सुती सतरंजीइतके मानवणारे दुसरे काही नाही. तिला लव नसते, त्यामुळे धूळ आत रुतून बसत नाही. ती दोन्ही बाजूंनी वापरता येते. कसर सुताच्या वाटेला सहसा जात नाही. आणि 4 बाय 6 फुटांची सतरंजी एकट्या माणसाला मोरीत धुऊन गॅलरीच्या कठड्यावर टाकता येते, जे त्याच मापाच्या लोकरीच्या गालिच्याच्या बाबतीत अशक्यच असते, कारण भिजल्यावर तो दोघांनाही आवरत नाही. हळदीकुंकू असो, गणपतीची आरती असो, चार माणसे जास्त आली की खुर्च्या सरकवून खाली बसायला तीच उपयोगी पडते. कर्नाटकातील नवलगुंद आणि तेलंगणातील वरंगळ येथील सतरंज्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि त्यांची नक्षी कोणत्याही दिवाणखान्यात शोभते. उणीव एवढीच की ती हलकी असल्यामुळे गुळगुळीत लादीवर सरकते, आणि काहींचा रंग जातो. खरेदीच्या वेळी पांढरा रुमाल ओला करून गडद रंगावर घासून पाहावा. रुमाल रंगला, तर ती सतरंजी घेऊ नये.

घरात कुणाला दम्याचा किंवा धुळीचा त्रास असेल, तर निवड इथेच संपते. लवेचा गालिचा, मग तो कितीही उत्तम असो, धुळीतल्या सूक्ष्म किड्यांना आश्रय देतो, आणि दमट हवेत ते जोमाने वाढतात. सुमारे 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात हे किडे मरतात. पक्क्या रंगाची सुती सतरंजी असे पाणी सोसते, लोकरीचा गालिचा सोसत नाही.

ताग आणि व्हिस्कोस यांच्याविषयी थोडक्यात सांगता येईल. तागाचा गालिचा सुंदर दिसतो, पण पाण्याने पिवळा पडतो, दमटपणात वास धरतो आणि नीट धुता येत नाही. वरच्या मजल्यावरच्या कोरड्या खोलीत एखादा ठेवावा, तळमजल्यावर मुळीच नाही. व्हिस्कोस हा रेशमासारखा दिसणारा कृत्रिम धागा ‘आर्ट सिल्क’ किंवा ‘बांबू सिल्क’ या नावांनी विकला जातो. त्याची चकाकी मोहात पाडते, परंतु हा धागा ओला झाला की त्याची ताकद बरीच कमी होते आणि साध्या पाण्याचाही डाग राहतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेले कार्पेट तर या शहरात घरासाठी नकोच, कारण ते उचलताच येत नाही आणि खाली ओल आली तरी महिनोन्महिने कळत नाही.

माप ठरवण्यासाठी जुनी वर्तमानपत्रे लादीवर त्या आकारात पसरून दोन दिवस तशीच ठेवावीत. सोफ्याचे निदान पुढचे पाय गालिच्यावर येतात का, आणि दार उघडताना खालची फट जाड लवेला पुरते का, हे त्यावरून समजते. आपल्याकडचे दिवाणखाने लहान असतात, म्हणून 5 बाय 8 फूट हे माप बहुतेक ठिकाणी पुरेसे होते, आणि सकाळी फरशी पुसताना ते एका बाजूने गुंडाळताही येते. घरात वृद्ध माणसे असतील, तर गालिच्याखाली न घसरणारी जाळी अवश्य घालावी आणि कडा वर वळलेली वस्तू घेऊच नये. चकचकीत लादीवर सरकणाऱ्या गालिच्यावरून पडून हाड मोडणे ही दूरची शक्यता नाही.

माझे मत विचाराल तर चाळीतल्या खोलीत, तळमजल्यावर किंवा ओल येणाऱ्या भिंतीच्या घरात सुती सतरंजी घ्यावी, आणि लहान मुले सतत काही सांडत असतील तर पॉलिप्रॉपिलीन. वारा खेळता असलेल्या वरच्या मजल्यावरच्या, स्वतःच्या घरात लोकरीचा गाठींचा गालिचा जरूर घ्यावा, मोठा आणि सामान्य घेण्यापेक्षा लहान आणि चांगला. तो पावसाळ्याआधी झटकून सुती चादरीत गुंडाळून ठेवावा, घडी घालू नये आणि प्लास्टिकमध्ये तर कधीच बांधू नये, कारण आतला ओलावा आतच राहतो. पलंगाच्या पेटीतही नको. कसरीला तीच जागा आवडते. ऑक्टोबरच्या उन्हात तो उलटा पसरावा, म्हणजे ऊन पाठीला लागेल आणि नक्षीचा रंग उडणार नाही.