अँपची पहिली ट्यूब बदलायची: कंपनी बदलावी की प्रकार?

घरात फेंडर ब्लूज ज्युनिअरसारखा १५ वॅटचा गिटार अँप आहे. क्लीन वाजवायचं असतं, पण व्हॉल्यूम जरा वर नेला की तो गुरगुरायला लागतो आणि वरच्या तारा कानाला टोचतात. अशा वेळी नवी ट्यूब, म्हणजे अँपमधली सिग्नल वाढवणारी काचेची नळी, घ्यायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो: कंपनीपेक्षा ट्यूबचा प्रकार बदला, आणि तोही फक्त पहिल्या जागेवर.

या अँपमध्ये प्री-अँपच्या, म्हणजे गिटारचा कमजोर सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाच्या, तीन ट्यूब असतात, तिन्ही १२एएक्स७ प्रकारच्या. युरोपात हिलाच ईसीसी८३ म्हणतात. दोन नावं म्हणजे दोन वस्तू असं मी बरेच दिवस समजत होतो. माझी ट्यूब जरा उशिराच पेटली. इनपुट जॅकजवळची ती व्ही-१. गिटारचा कच्चा सिग्नल आधी हिच्याकडे येतो आणि हिने त्याचं जे केलं, तेच पुढे मोठं होत जातं. स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या पॉवर ट्यूबच्या अलीकडची व्ही-३ फेज इन्व्हर्टर म्हणून काम करते, म्हणजे सिग्नलच्या एकमेकींच्या उलट अशा दोन प्रती करून पुढे देते. तिथे महागडी ट्यूब लावून आवाज खुलला म्हणणाऱ्याला एकदा डोळे बांधून ओळखायला लावा.

प्रकारांतला खरा फरक वर्धनाचा, म्हणजे ट्यूब सिग्नल किती पट वाढवू शकते याचा. १२एएक्स७चा आकडा १००, ५७५१चा ७०, १२एटी७चा ६०, १२एवाय७चा ४५च्या आसपास आणि १२एयू७चा तर २०च्या आत. सर्किटमध्ये प्रत्यक्ष मिळणारी वाढ याहून कमी असते, पण क्रम तोच राहतो. सगळ्या एकाच नऊ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतात.

वरच्या तक्रारीवर मी आधी ५७५१ लावून बघेन. अँपचा स्वभाव तोच राहतो, फक्त नॉब फिरवायला जास्त जागा मिळते. आधी व्हॉल्यूम थोडा वर जाताच फाटणारी कॉर्ड आता आणखी वरपर्यंत नीट ऐकू येते. १२एवाय७ आणखी मऊ. १९५०च्या दशकातल्या फेंडर बासमन अँपमध्ये पहिल्या जागी हीच होती. लंडनच्या मार्शलवाल्यांनी त्याच सर्किटवर आपला जेटीएम४५ अँप बेतला, तेव्हा तिथे ईसीसी८३ बसवली. दोघांच्या आवाजातल्या फरकाला स्पीकरपासून इतरही कारणं आहेत, पण हे एक नक्की. मात्र तुम्ही अँपच्याच डिस्टॉर्शनवर वाजवत असाल, तर १२एवाय७ लावल्यावर अँप झोपल्यासारखा वाटेल. १२एटी७ मला पहिल्या जागी कोरडी वाटते, आणि १२एयू७ तिथे नकोच.

प्रकार तोच ठेवून फक्त कंपनी बदलायची असेल, तर माझ्या कानाला असं वाटतं: स्लोव्हाकियाच्या जेजेची ईसीसी८३एस जाडसर आणि थोडी दबकी, म्हणून टोचणाऱ्या अँपला बरी. टंग-सोल लख्ख आणि खणखणीत; मंद, मातकट आवाजाच्या अँपला ती द्या. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स दोन्हींच्या मधली. गंमत म्हणजे हल्लीची टंग-सोल, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, सोव्हटेक आणि मुलार्ड या चौघी रशियातल्या साराटोव्हच्या एकाच कारखान्यातल्या. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या जुन्या मुलार्डशी आजच्या मुलार्डचं नातं नावापुरतंच, त्यामुळे नावाचे जादा पैसे मोजू नका. खऱ्या जुन्या ट्यूब सुरेख वाजतात, पण तपासून देणारा विक्रेता नसेल तर तो निव्वळ जुगार.

कॉम्बो अँपसाठी एक इशारा. लांब प्लेटच्या (आतला धातूचा पत्रा लांब असलेल्या) ट्यूबचा आवाज छान मोकळा असतो, पण स्पीकर त्याच पेटीत असल्याने हादऱ्याने त्या कुरकुरतात. माझी एक अशी ट्यूब ई तारेचा खालचा स्वर लागला की पेल्यात चमचा वाजावा तशी किणकिणायची. अँप चालू ठेवून पेन्सिलच्या मागच्या टोकाने ट्यूबवर हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून नुसती टकटक आली तर ठीक, घंटेसारखी घुमली तर ती पहिल्या जागी नको.

प्री-अँपची ट्यूब बदलल्यावर बायस लावायला, म्हणजे ट्यूबमधून वाहणारा करंट जुळवून घ्यायला, मेकॅनिककडे जावं लागत नाही. ती कटकट पॉवर ट्यूबची. प्लग काढा, अँप थंड होऊ द्या, ट्यूब किंचित डोलवत सरळ ओढा. नवी बसवताना नऊ पिनांमधली मोठी फट सॉकेटशी जुळवा. चॅसी (सर्किट असलेली धातूची पेटी) मात्र उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. आणि काढलेली १२एएक्स७ फेकू नका. पुढे कधी अँप खरखरायला लागला, तर ती प्री-अँपच्या एकेका जागी लावून तिथली नेमकी कोणती ट्यूब गेली ते पाच मिनिटांत कळतं.